जयतीर्थ सरांचं आयुध

मी चिडलेला नाही. हे सुरुवातीलाच सांगून ठेवतो, कारण पुढे वाचताना तुमचा तसा समज होण्याची दाट शक्यता आहे.

गेल्या वर्षी आयुधपूजेच्या, म्हणजे खंडेनवमीच्या, गुरुवारी, दुपारी दीडच्या आत, मी हेमगिरी मसाला कंपनीच्या माहिती तंत्रज्ञान विभागाचा व्यवस्थापक होणार होतो. होणार म्हणजे होणारच! इतकं पक्कं होतं की आदल्या दिवशी मी माझ्या टेबलाचे खण रिकामे केले, वरच्या मजल्यावरच्या रिकाम्या खुर्चीत बसून पाय जमिनीला टेकतात का ते पाहून आलो, आणि सकाळी उप्पिट्टू खाताना अप्पांना बजावलं, "उद्यापासून 'निधी, टीव्ही लागत नाही' म्हणून मला फोन करायचा नाही. व्यवस्थापक टीव्ही लावत नसतात."

अप्पांनी उप्पिट्टूतली मिरची शांतपणे ताटाच्या कडेला ठेवली. "मग काय करतात?"

प्रश्न रास्त होता. मी सहा वर्षं एका साहेबाच्या हाताखाली काढली होती आणि साहेब काय करतात हे मलाही कळलेलं नव्हतं.

"ते झाल्यावर सांगतो," मी म्हणालो.

अप्पांनी एकोणचाळीस वर्षं घड्याळाच्या कारखान्यात काढली. निवृत्त होताना त्यांनी साहेबाकडून शाल घेतली आणि कपाटातून पिवळ्या मुठीचा आपला स्क्रूड्रायव्हर घेतला. शाल कुठे गेली माहीत नाही. स्क्रूड्रायव्हर मला मिळाला. दर आयुधपूजेला मी तोच पूजेत ठेवतो.

आता जयतीर्थ सरांकडे येतो. श्वास घेतो आणि येतो.

जयतीर्थ सर आमचे विभागप्रमुख. एकोणीसशे शहाण्णव साली बेंगळुरातल्या पीण्या भागातल्या आमच्या कारखान्यात पहिला कॉम्प्युटर आला, तेव्हा त्याच्यावर प्लास्टिकचं आवरण घालण्याचं काम त्यांच्याकडे होतं. तेव्हापासून ते या क्षेत्रात आहेत! आवरण घालता घालता ते सहाव्या पायरीपर्यंत पोचले. कॉम्प्युटर मात्र त्यांनी कधी आवरणाबाहेर पाहिलेला नाही. त्यांना आलेलं पत्र आम्ही छापून द्यायचं, ते त्यावर पेनाने 'नोंद घेतली' लिहिणार, मग आम्ही तो कागद परत आत टाईप करून पाठवायचा. माणूस नव्हे, वळसा आहे तो!

पायरी म्हणालो, कारण सरांच्या केबिनमधल्या पांढऱ्या फळ्यावर एक जिना आहे. मी नोकरीला लागलो त्या दिवशी त्यांनी तो काढला.

"निधी, करिअर म्हणजे जिना असतो. आठ पायऱ्या. हा तू." तळाशी त्यांनी काड्यांचा एक माणूस काढला. "हा मी." सहाव्या पायरीवर मिशीवाला काड्यांचा माणूस. "सातवीवर मुख्य माहिती अधिकारी. आठवी म्हणजे संचालक मंडळ." आठवीवर त्यांनी ढग काढला.

हे सगळं त्यांनी चुकून पक्क्या शाईच्या पेनाने काढलं. पुसलं जाईना. मी स्पिरिट लावलं, शेजारच्या टेबलावरच्या नेत्रावतीने नखं लावली, देखभालीच्या तिम्मेगौडांनी भांडी घासायची पावडर लावली. फळा झिजला, जिना तसाच! सहा वर्षांत मी चौथ्या पायरीपर्यंत चढलो, फळ्यावरचा मी अजून तळाशीच आहे.

चौथीवर माझं बूड घट्ट चिकटलं होतं. दर वर्षी मी पाचवीबद्दल, म्हणजे व्यवस्थापकपदाबद्दल, विचारायचो, आणि दर वर्षी सर डोळे ओले करून म्हणायचे, "अरे, तुला वर नेलं तर इथलं बघणार कोण? निधी, तुझ्याशिवाय एक दिवस चालायचं नाही!"

पहिल्या वर्षी मला हे कौतुक वाटलं. दुसऱ्या वर्षीही वाटलं, मी जरा मंद आहे. तिसऱ्या वर्षी माझ्यानंतर आलेला, दिवसभर खिडकीपाशी उभं राहून कॉफी पिणारा एक गृहस्थ पाचवी ओलांडून गेला. कारण त्याच्याशिवाय चालत होतं! मी चिडलो नाही. मी फक्त स्टेपलर घेऊन सरांच्या वाढदिवसाच्या कार्डाला एकशे चार पिना मारल्या.

पण यंदा चित्र वेगळं होतं. सर स्वतः सातव्या पायरीवर जाणार अशी बातमी होती, आणि जाताना त्यांनी मला शब्द दिला होता. "मी वर, तू पाचवीवर. अम्मांशी बोललोय."

अम्मा म्हणजे सावित्रम्मा, कंपनीच्या मालकीणबाई. वय अठ्ठ्याहत्तर. पन्नास वर्षांपूर्वी स्वतःच्या स्वयंपाकघरात पुळियोगरेचा, म्हणजे चिंचेच्या भाताचा, मसाला कुटून त्यांनी ही कंपनी काढली. बढत्या त्या वर्षातून एकदाच जाहीर करतात: आयुधपूजा झाली, दिवाळीच्या मालाचे ट्रक राहुकाळ लागायच्या आत फाटकाबाहेर पडले, की लगेच. ट्रक अडले तर शकुन बिघडला, म्हणजे त्या वर्षी कुणालाच बढती नाही. एका वर्षी एका ट्रकचं टायर बसलं, तर पॅकिंगचा म्हातारा सुपरवायझर सुपरवायझरच राहून निवृत्त झाला.

अम्मांचा दुसरा नियम याहून कडक. पूजेत ठेवलेल्या आयुधाला कुंकू लागलं की दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत त्याला हात लावायचा नाही. वाहनांना तेवढी फेरीची सूट. बाकी सगळ्यांना विश्रांती. "वर्षभर ते तुमच्यासाठी राबतं," अम्मा म्हणतात, "एक दिवस त्याला माणसासारखं झोपू द्या." आणि झोपू देतात का ते बघायला त्या स्वतः देवीसमोर खुर्ची टाकून बसतात.

गुरुवारी सकाळी मी पोचलो तेव्हा आमच्या मजल्यावर केळीचे खुंट, आंब्याची तोरणं आणि केसरीबातचा, म्हणजे केशरी शिऱ्याचा, वास होता. सर्व्हरच्या काचेच्या खोलीबाहेर चामुंडेश्वरीची तसबीर, समोर लांब टेबल, टेबलावर चांदीची ताटं. सगळी मांडामांड तिम्मेगौडांची. ते इमारतीची देखभाल बघतात आणि वर्षातले तीनशे चौसष्ट दिवस या एका दिवसाची वाट पाहतात.

"गौड्रे, झकास!" मी म्हणालो.

"सार, अजून सर्व्हरदेव बाकी आहेत," ते म्हणाले आणि झेंडूची टोपली घेऊन आत गेले. मी लक्ष दिलं नाही. ही पहिली चूक.

टेबलावर पहिला मान अम्मांच्या लोखंडी खलबत्त्याचा, ज्यात तो पहिला मसाला कुटला होता. मग हिशेबनिसांचा कॅल्क्युलेटर, चव बघणाऱ्या बाईंचा चमचा, नेत्रावतीची तारा कापायची पक्कड. नेत्रावती आमच्या विभागातली तिसऱ्या पायरीवरची, कंपनीचं निम्मं काम तीच करते. उरलेलं निम्मं मी करायचो. तिम्मेगौडा तिला विचारत होते, "मॅडम, लॅपटॉप नाही ठेवला?"

"ते माझं आयुध नाही गौड्रे, ते माझं प्रारब्ध आहे," ती म्हणाली. "प्रारब्धाची पूजा करत नाहीत." तिच्या या वाक्याने त्या दिवशी कंपनी वाचली, पण ते नंतर.

मी अप्पांचा स्क्रूड्रायव्हर ठेवला आणि शेजारचं ताट पाहिलं.

ताटात फोन होता. जुना, कोपरा तुटलेला, चिकटपट्टी लावलेला फोन. माझ्या खणातला! आदल्या दिवशी मी खण रिकामे केले तेव्हा टेबलावर काढून ठेवलेला! त्याच्यावर हळद, अक्षता, झेंडूचं फूल, आणि काचेच्या मधोमध रुपयाएवढा कुंकवाचा टिळा.

"हा इथे कुणी ठेवला?"

"हळू बोल," मागून जयतीर्थ सर पुटपुटले. त्यांनी रेशमी धोतर आणि उपरणं घातलं होतं. "मी ठेवला. माझं आयुध."

"सार, तुमचं?"

"मग काय करू? दर वर्षी लॅपटॉप ठेवतो. गेल्या वर्षी अम्मा म्हणाल्या, 'जयतीर्था, याच्यावर आधीच्या वर्षीचं कुंकू तसंच कसं?' सगळ्यांसमोर! यंदा मी सातव्या पायरीवर चाललोय. काहीतरी वापरलेलं, झिजलेलं दाखवायला नको? तुझ्या टेबलावर हा दिसला. किती राबलेला वाटतो बघ!"

वाटणारच! कारण तो राबलेलाच होता! आमच्या सर्व्हरची मुख्य किल्ली म्हणजे तो फोन. सर्व्हर बंद पडला तर तो सुरू करायला सहा आकडी ओटीपी लागतो, तो अर्धा मिनिट टिकतो, आणि तो फक्त त्या एका फोनवर येतो. दुसरा फोन जोडून द्या म्हणून मी सरांना तीनदा लेखी कळवलं होतं. तिन्ही कागद माझ्याकडे आहेत. तिन्हींवर लिहिलंय, 'नोंद घेतली'!

मी हात पुढे केला.

"हं!" खुर्चीतून आवाज आला. अम्मा बसल्या होत्या. "कुंकू लागलंय, बाळ."

मी हात मागे घेतला आणि स्वतःची समजूत काढली. सर्व्हर बंद पडला तरच फोन लागणार, आणि सर्व्हर चार वर्षांत एकदाही बंद पडलेला नाही. एका दिवसात काय होतंय? एवढ्यात भटजींनी आरती केली, घंटा वाजल्या, मी डोळे मिटले, पाचव्या पायरीचं ध्यान केलं आणि डोळे उघडून काचेतून सर्व्हरकडे पाहिलं.

सर्व्हर दिसला नाही.

तिथे झेंडूचा एक डोंगर होता. सर्व्हर समोरच्या जाळीतून गार हवा आत ओढतो, तेच त्याचं नाक. तिम्मेगौडांनी त्याच्या नाकावर चार किलो झेंडू बांधला होता. वर एसीचं तोंड केळीच्या पानांनी सजवलं होतं. आत माणूस असता तर अकरा वाजताच गेला असता. सर्व्हर बिचारा बारा पन्नासपर्यंत टिकला. मी बघत असतानाच एक लांब शिटी वाजली आणि त्याचे सगळे दिवे विझले.

"आहाहा," तिम्मेगौडा हात जोडून म्हणाले, "देवांनी डोळे मिटले."

खालून वॉचमन धावत आला. "सार, पावती छापत नाही! पावतीशिवाय ट्रक रस्त्यावर काढता येत नाहीत! सतरा ट्रक उभे आहेत, चाकाखाली लिंबं ठेवलीत, कोहळा फोडून झालाय, ड्रायव्हर म्हणतायत कोहळा फोडल्यावर थांबायचं नसतं!"

राहुकाळ दीडला. हातात चाळीस मिनिटं.

अम्मांनी घड्याळ पाहिलं. "जयतीर्था, ट्रक निघाले?"

"निघतायत अम्मा!" सर म्हणाले, माझा दंड धरून त्यांनी मला खांबामागे ओढलं आणि दात न उघडता बोलले, "निधी, काय झालं ते मला सांगू नकोस. फक्त दुरुस्त कर."

मी चिडलो नाही. माझ्या कानातून वाफ येत होती ती एसी बंद असल्यामुळे.

नेत्रावतीने छत्रीच्या टोकाने झेंडू बाजूला केला. छत्रीची पूजा झालेली नव्हती. केळीची पानंही छत्रीनेच उतरवली. मग ती काचेपलीकडे तिच्या जागेवर, तिच्या प्रारब्धासमोर बसली. "लॅपटॉपवरून सुरू करते. ओटीपी वाच."

"फोन अम्मांच्या नाकासमोर आहे!"

"हात लावायचा नाही म्हणाल्यात. वाचायचं नाही म्हणाल्यात का?"

नाही, असं म्हणाल्या नव्हत्या. पण फोन ताटात उताणा, ताट टेबलाच्या टोकाला, आणि ती बारीक अक्षरं वाचायची तर नाक काचेला लागेल इतकं वाकायला हवं. देवीसमोर इतकं वाकायला कारण एकच असतं. मी गेलो, उभ्या उभ्या कमरेत मोडलो आणि ताटासमोर डोकं टेकवलं.

फोन उजळला. चार. सात. मग कुंकू. मग दोन, शून्य, नऊ. तिसरा आकडा टिळ्याखाली!

आता हे पलीकडे पोचवायचं कसं? देवीसमोर वाकून आकडे ओरडणारा माणूस आमच्या कंपनीत दुसऱ्या दिवशी राहत नाही. पण बेंगळुरात शिकलेल्या प्रत्येक मुलासारखं मी आणि नेत्रावतीने दहावीला मार्कांसाठी संस्कृत घेतलं होतं. बारा वर्षांत त्याचा उपयोग झाला नव्हता. तो त्या क्षणी झाला.

"चत्वारि! सप्त! कुंकुमम्! द्वे! शून्यम्! नव!" मी घुमटातल्यासारख्या आवाजात म्हणालो.

भटजी थबकले. मग त्यांनी मान डोलावली आणि घंटा वाजवली.

काचेपलीकडून नेत्रावतीने दोन्ही हात पसरले. 'कुंकुमम्' हा आकडा तिला टाईप करता येईना. तिने अंदाजे पाच टाकला. चूक! तीन चुका झाल्या की सर्व्हर तासभर कुणाशी बोलत नाही, हाही आमचाच नियम. तो मी केलेला. सुरक्षेसाठी!

मी परत गेलो आणि परत वाकलो. आता नवा ओटीपी आला आणि नवा तिसरा आकडा त्याच टिळ्याखाली गेला. "षट्! एकम्! कुंकुमम्! अष्ट! अष्ट! त्रीणि!"

पुन्हा चूक. एकच संधी राहिली. घड्याळात एक वाजून बारा मिनिटं.

"हा मुलगा कोण?" अम्मांनी विचारलं.

"आपला श्रीनिधी, अम्मा," सर म्हणाले. "मीच त्याला सांगितलं, जा, नमस्कार कर."

"दुसऱ्यांदा करतोय. स्तोत्र कुठलं म्हणतोय?"

"घराण्यातलं आहे, अम्मा," सर म्हणाले. न अडखळता! यासाठी लागतात ती सहा पायऱ्यांची फुप्फुसं!

मी नेत्रावतीला खूण केली, 'शेवटचा पाठव', आणि यावेळी सरळ टेबलावर छाती टेकवली. कुंकवाला हात लावायचा नव्हता, पण फुंकायला कुणाची मनाई नव्हती. मी सहा वर्षांचा सगळा राग छातीत गोळा केला. वाढदिवसाचं कार्ड, कॉफी पिणारा गृहस्थ, तिन्ही 'नोंद घेतली', सगळं! आणि फुंकर मारली.

राग जरा जास्तच होता. कुंकू उडालं ते थेट माझ्या दोन्ही डोळ्यांत!

डोळ्यांत कुंकू गेल्यावर काय होतं ते ज्याच्या गेलंय त्यालाच माहीत. मला चामुंडेश्वरी तीन दिसल्या, जयतीर्थ सर पाच दिसले. एक पुरेसे होते! डोळ्यांतून धारा लागल्या. गालावरून, नाकावरून, टपटप फोनच्या काचेवर. आणि काचेवर जे थोडं कुंकू राहिलं होतं, ते माझ्या आसवांनी भिजून हळूच बाजूला सरकलं. थेंबाखालून आकडा मोठा होऊन वर आला. सात! सहा वर्षांत मला पहिल्यांदाच वरचं काही स्पष्ट दिसलं.

"नव! द्वे! सप्त! सप्त! चत्वारि! एकम्!" मी हंबरडा फोडला.

नेत्रावतीची बोटं चालली. सर्व्हरने डोळे उघडले. खाली छपाईयंत्र खडखडलं, सतरा ट्रकांचे भोंगे एकदम वाजले, लिंबं फुटली, आणि शेवटचा ट्रक एक सव्वीसला फाटकाबाहेर पडला.

मी टेबलावर पालथा पडून रडत होतो. थांबताच येईना! कुणीतरी डोक्यावर हात ठेवला. अम्मा होत्या.

"पन्नास वर्षं मी ही पूजा करतेय," त्या म्हणाल्या. "लोक प्रसाद कधी मिळेल ते बघत उभे असतात. देवीसमोर असा रडलेला पहिलाच." मग त्या वळल्या. "ट्रकना उशीर का झाला?"

जयतीर्थ सर भटजींच्या मागे सरकले. पण तिम्मेगौडा हा माणूस खोटं बोलत नाही. त्यांना ते जमत नाही, म्हणूनच ते इतकी वर्षं दुसऱ्या पायरीवर आहेत.

"अम्मा, जयतीर्थ सारांचं आयुध पूजेत ठेवलं होतं ना, हा फोन, म्हणून सगळं बंद पडलं. त्याच्याशिवाय काहीच चालत नाही म्हणे."

सरांचा चेहरा आधी पांढरा पडला. मग त्यांना वाक्याचा दुसरा अर्धा भाग ऐकू आला. चेहऱ्यावर असा उजेड पसरला की मला भिजल्या डोळ्यांनीही दिसला. ते भटजींच्या पुढे आले.

"आता गौडा बोललेच आहेत तर सांगतो, अम्मा," ते नम्रपणे म्हणाले. "मी कधी बोलून दाखवलं नाही. हा माझा फोन. सगळी कंपनी याच्यावर चालते. चाळीस मिनिटं काय तो मी बाजूला ठेवला, तर बघा!"

मी तोंड उघडलं. नेत्रावतीने काचेपलीकडून बोट ओठांवर ठेवलं. ती माझ्याआधी हसायला लागली होती. तिला पुढचं दिसलं होतं.

अम्मांनी सरांकडे बराच वेळ पाहिलं. डोळ्यांत मायाच माया.

"जयतीर्था, मला माफ कर," त्या म्हणाल्या. "मी तुला वर बसवायला निघाले होते. तू हललास तर कंपनीच बंद पडेल रे! तुझ्याशिवाय इथलं एक दिवस चालायचं नाही."

"अम्मा, तसं अगदीच काही..."

"नाही, नाही! तू इथेच. उद्या पूजा उतरली की हा फोन दोरीने गळ्यात अडकव. खाली ठेवायचाच नाही." मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "आणि हा मुलगा चाळीस मिनिटं देवीसमोर वाकून रडत होता, कुणाचं काही अडलं का? मोकळा आहे. याला बसवा सातवीवर."

अशा रीतीने, मित्रहो, मी चौथ्या पायरीवरून पाचवी आणि सहावी न शिवता सातवीवर पोचलो. हेमगिरी मसाला कंपनीचा मुख्य माहिती अधिकारी! घरी जाऊन सांगितलं तेव्हा अप्पांनी माझे लाल डोळे पाहिले आणि विचारलं, "काढून टाकलं का?"

याला आता वर्ष झालं. खरं सांगायचं तर कथा तिथेच संपवायला हवी होती, मी फार चांगला दिसत होतो.

जयतीर्थ सर फोन गळ्यात घालून सर्व्हरच्या खोलीत बसतात. सर्व्हर कधी बंद करून सुरू करायचा झाला, की ओटीपीचा नेत्रावतीला एकेक आकडा वाचून दाखवतात. गेल्या महिन्यात त्यांनी प्रिंटरमध्ये स्वतः कागद घातला आणि मला त्याचा फोटो पाठवला. त्यांचं ब्लडप्रेशर उतरलंय म्हणे. माझं चढलंय. मी दिवसभर बैठकांना बसतो, लोक मला कागद छापून देतात.

यंदा पूजेच्या आदल्या आठवड्यात नेत्रावती माझ्या केबिनमध्ये आली. फळा आता माझ्याकडे आहे, जिन्यासकट.

"निधी, चौथ्या पायरीचं काय? तिसरीवर माझं चौथं वर्ष आहे."

"अगं, माझ्या डोक्यात आहेच," मी म्हणालो. मी उठलो, पेन घेतलं आणि तिसऱ्या पायरीवर वेणीवाली काड्यांची एक बाई काढली. "पण नेत्रावती, तूच विचार कर. तुला वर घेतलं तर इथलं बघणार कोण? तुझ्याशिवाय एक दिवस..."

वाक्य तोंडातून अर्धं बाहेर आल्यावर मला ते ओळखीचं वाटलं. मी ओढून आत घ्यायला बघितलं, पण त्याला सहा वर्षांचा सराव होता.

नेत्रावतीने फळ्याकडे पाहिलं, माझ्या हातातल्या पेनाकडे पाहिलं. "नोंद घेतली," ती म्हणाली आणि गेली.

मी बाई पुसायला गेलो. पेन पक्क्या शाईचं होतं.

पूजेच्या दिवशी सकाळी मी स्क्रूड्रायव्हर शोधला. तो अप्पांनी मिक्सर दुरुस्त करायला परत नेला होता. "तुला आता कशाला लागतो?" ते म्हणाले, चिडवून नव्हे, खरोखरच विचारत होते. सरांकडून माझ्याकडे आलेल्या लॅपटॉपवर जुनं कुंकू तसंच होतं, ते मी बाहीने पुसलं, पण बाहीच लाल झाली. नेत्रावतीची पक्कड मागितली, ती म्हणाली, "वापरता येते?" शेवटी टेबलावर जे होतं ते नेऊन ठेवलं. ते पक्क्या शाईचं पेन.

अम्मांनी खलबत्त्याला कुंकू लावलं, पकडीला लावलं, सरांनी गळ्यातून काढून ताटात ठेवलेल्या फोनला जपून बाजूला लावलं, मग पेनाशी थांबल्या, माझ्याकडे एकदा पाहिलं, आणि त्यालाही लावलं. चोवीस तास माझ्या आयुधाला कुणी हात लावला नाही.

कंपनीत कुठेही काहीही बंद पडलं नाही.